तांबूस धूर धरून ठेवण्याची विद्या

नायट्रोजन आणि ऑक्सिजन हवेत एकमेकांच्या शेजारी असतात, पण साध्या तापमानाला त्यांचा संयोग होत नाही. त्यासाठी वीज कडाडावी लागते, नाहीतर भट्टीतली किंवा इंजिनाच्या सिलिंडरातली धग लागते. अशा धगीत आधी नायट्रिक ऑक्साइड हा रंगहीन वायू तयार होतो. थंड हवेत आल्यावर तो आणखी ऑक्सिजन घेतो आणि त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड बनतो. हा वायू तांबूस-तपकिरी रंगाचा, घशाला झोंबणारा असतो. या दोघांना मिळून अभियंते ‘नॉक्स’ म्हणतात. धातूंच्या ऑक्साइडांच्या पृष्ठभागावर हे वायू चिकटतात, तिथे त्यांचे रूप पालटते आणि योग्य वेळ येताच ते सुटतात. पृष्ठभागावर चिकटण्याच्या या क्रियेला अधिशोषण म्हणतात. आज ट्रकच्या सायलेन्सरपासून वीज केंद्राच्या धुरांड्यापर्यंत जी धूरशुद्धी चालते, ती याच क्रियेवर उभी आहे. ही विद्या मात्र धूर स्वच्छ करण्यासाठी जन्मली नाही. ती जन्मली महागडा वायू वाया जाऊ नये म्हणून.

१७४६ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे जॉन रोबक याने शिशाच्या पत्र्याच्या मोठ्या कोठ्यांमध्ये सल्फ्यूरिक अम्ल तयार करायला सुरुवात केली. गंधक आणि सोरा एकत्र जाळून निघालेला धूर कोठीत सोडायचा आणि तळाच्या पाण्यात अम्ल साठू द्यायचे, अशी ही पद्धत होती. त्यात सोऱ्याचे काम नेमके काय, हे बराच काळ कोणाला उमगले नव्हते. १८०६ मध्ये क्लेमाँ आणि देझोर्म या दोन फ्रेंच रसायनज्ञांनी उलगडा केला. सोऱ्यापासून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड हवेतला ऑक्सिजन घेतात, तो सल्फर डायऑक्साइडला देतात आणि पुन्हा पहिल्यासारखे होऊन परत कामाला लागतात. ‘उत्प्रेरण’ ही संज्ञा तेव्हा अस्तित्वात नव्हती. बर्झेलियसने ती सुमारे तीस वर्षांनी रूढ केली. म्हणजे आज उत्प्रेरकाच्या मदतीने ज्या वायूंचा नायनाट केला जातो, ते एके काळी स्वतःच उद्योगातले महत्त्वाचे उत्प्रेरक होते.

अडचण पैशांची होती. कोठ्यांमधून हवेबरोबर तांबूस धूर निघून जाई आणि त्याच्यासोबत सोऱ्याची किंमतही उडून जाई. १८२७ मध्ये गे-ल्युसॅक याने एक मनोरा सुचवला. आत कोकचे तुकडे, वरून ओघळणारे तीव्र सल्फ्यूरिक अम्ल आणि खालून चढणारा कोठीतला वायू, अशी त्याची रचना होती. अम्ल नायट्रोजनचे ऑक्साइड पकडून ठेवी. पुढे १८५९ मध्ये न्यूकॅसलच्या जॉन ग्लोव्हरने दुसरा मनोरा जोडला. त्यात हे अम्ल भट्टीतून येणाऱ्या गरम वायूच्या समोर सोडले जाई आणि त्यातले नायट्रोजनचे ऑक्साइड मोकळे होऊन पुन्हा कोठ्यांकडे जात. एक मनोरा धरणारा, दुसरा सोडणारा. पकड घट्ट हवी, पण वेळ आली की ती सुटलीही पाहिजे, ही या विषयाची मूळ अट कारखानदारांनी एकोणिसाव्या शतकातच ओळखली होती.

त्या मनोऱ्यात घडत होते ते मात्र अधिशोषण नव्हे. वायू द्रवाच्या आत विरघळून त्याच्याशी संयोग पावत होता, म्हणून ते शोषण. कोऱ्या मडक्याच्या भिंतीत पाणी मुरते ते शोषण, आणि भांड्याच्या नुसत्या पृष्ठभागावर पातळ थर धरतो ते अधिशोषण. हा फरक शब्दांत मांडायला १८८१ साल उजाडले. जर्मन भौतिकीविद हाइनरिख कायझर याने त्या वर्षी अधिशोषणासाठी वेगळी संज्ञा वापरात आणली. तिच्यामागचे निरीक्षण जुने होते. १८२३ मध्ये डोबरायनरने दाखवले होते की, स्पंजासारख्या प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडला की तो हवेत आपोआप पेट घेतो. १८३४ मध्ये फॅरडेने त्याचे कारण सांगितले, की वायू धातूच्या पृष्ठभागावर दाट गोळा होतात आणि तिथे त्यांची गाठ पडते. पण त्या थराची जाडी किती, हे त्यालाही सांगता आले नाही.

ते उत्तर विजेच्या दिव्यातून आले. अमेरिकेत स्केनेक्टेडी येथील प्रयोगशाळेत अर्व्हिंग लँगम्यूर टंगस्टनच्या तारेचा आणि बल्बमधील उरल्यासुरल्या वायूंचा अभ्यास करत होता. १९१६ ते १९१८ या काळात त्याने मांडले की, पृष्ठभागावर ठरावीक जागा असतात, एका जागेवर एक रेणू बसतो आणि सगळ्या जागा भरल्या की थर पुरा होतो. हा थर एका रेणूइतकाच जाड. या कामासाठी त्याला १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे ह्यू टेलरने दाखवून दिले की सगळ्या जागा सारख्या नसतात. कडेच्या, कोपऱ्यावरच्या, शेजारी कमी असलेल्या अणूंची ओढ जास्त असते. त्यानेच भौतिक आणि रासायनिक अधिशोषणातला भेदही ठळक केला. भौतिक अधिशोषण हे अळवावरचे पाणी, जरा ऊब लागली की सुटते. रासायनिक अधिशोषणात रेणू आणि पृष्ठभाग यांच्यात खरा बंध तयार होतो आणि तो सोडवायला शेकडो अंशांचे तापमान लागते. नॉक्सची कथा मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराची आहे.

नायट्रिक ऑक्साइडच्या रेणूचे वेगळेपण त्याच्या इलेक्ट्रॉनांत आहे. बहुतेक स्थिर रेणूंमधले इलेक्ट्रॉन जोडीने राहतात. याच्यात एक इलेक्ट्रॉन एकटा असतो आणि तोही बंध सैल करणाऱ्या कक्षेत. हा एकटा इलेक्ट्रॉन दिला तर रेणूचा धन आयन बनतो आणि त्याचा बंध घट्ट होतो. उलट एक इलेक्ट्रॉन मिळाला तर बंध आणखी सैल होतो आणि रेणू तुटण्याच्या बेतात येतो. धातूच्या ऑक्साइडाच्या पृष्ठभागावर या दोन्ही गोष्टी घडू शकतात, कारण त्या पृष्ठभागाचे स्वभाव दोन असतात. उघडे पडलेले धातूचे आयन इलेक्ट्रॉनांचे भुकेले, म्हणून अम्लधर्मी असतात. त्यांच्या शेजारचे ऑक्सिजनचे आयन इलेक्ट्रॉन द्यायला तयार, म्हणून अल्कधर्मी असतात. नायट्रिक ऑक्साइड सहसा आपल्या नायट्रोजनच्या बाजूने लोह, कोबाल्ट, तांबे यांच्या आयनांना धरतो. कोबाल्टच्या एका आयनावर तर दोन-दोन रेणू जोडीने बसतात. नायट्रोजन डायऑक्साइड मात्र ऑक्सिजनच्या जागांकडे ओढला जातो आणि तिथे नायट्राइट किंवा नायट्रेट या रूपात स्थिरावतो. जेवढे ऑक्साइड अल्कधर्मी, तेवढे हे नायट्रेट हट्टी. मॅग्नेशियमपेक्षा बेरियमच्या ऑक्साइडाची पकड कितीतरी जास्त.

हे सगळे आज इतक्या ठामपणे सांगता येते ते अवरक्त किरणांमुळे. प्रत्येक बंध ठरावीक गतीने कंप पावतो आणि त्या गतीचे अवरक्त किरण शोषतो. मोकळा नायट्रिक ऑक्साइड प्रतिसेंटिमीटर १८७६ तरंगांच्या जागी शोषण दाखवतो. तो धातूच्या आयनावर बसला की ही रेषा सरकते. धन आयन बनला तर ती २१०० च्या वर चढते, आणि नायट्रेट बनले तर १२०० ते १६५० च्या पट्ट्यात रेषांचा जथा दिसतो. रेणूने पृष्ठभागाला एका हाताने धरले आहे, दोन हातांनी, की दोन आयनांमध्ये पूल बांधला आहे, हेही त्या जथ्याच्या रचनेवरून ओळखता येते. अमेरिकेत टेक्साको कंपनीच्या प्रयोगशाळेत आयशेन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात धातूंवर बसलेला कार्बन मोनॉक्साइड अशा रीतीने पाहिला. सोव्हिएत संघात टेरेनिन या दिशेने त्याआधीपासून काम करत होता. १९५९ मध्ये त्याने आणि रोएव्ह याने धातू, त्यांची लवणे आणि ऑक्साइडे यांवरील नायट्रिक ऑक्साइडचे अवरक्त वर्णपट प्रसिद्ध केले. गे-ल्युसॅकच्या मनोऱ्यात अम्लाने पकडलेला नायट्रिक ऑक्साइडचा धन आयन आणि अम्लधर्मी ऑक्साइडांवर दिसणारा धन आयन एकच आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या कामगारांनी डोळ्यांनी कधी न पाहिलेली गोष्ट वर्णपटाच्या कागदावर उतरली.

या अभ्यासाला तातडी आली ती कॅलिफोर्नियातल्या एका शहरामुळे. जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर इतके दाट, डोळे चुरचुरवणारे धुके उतरले की लोकांना शत्रूने विषारी वायू सोडल्याची शंका आली. तो काळ महायुद्धाचा होता. पुढे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील डच रसायनज्ञ आरी हागेन-स्मिट याने या धुक्याचे मूळ शोधले. तो अननसाच्या वासातली द्रव्ये वेगळी करण्यात गुंतला होता, आणि तीच साधने त्याने शहराच्या हवेला लावली. मोटारींच्या धुरातले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड सूर्यप्रकाशात एकत्र आले की ओझोन आणि इतर झोंबणारी द्रव्ये बनतात, हे त्याने १९५० च्या सुमारास दाखवून दिले. तोवर नॉक्स ही अम्लाच्या कारखान्याची बाब होती. आता ती शहरात राहणाऱ्या प्रत्येकाची झाली.

१९७० च्या अमेरिकी कायद्याने मोटारींच्या धुरातले नॉक्स १९७६ पर्यंत ९० टक्क्यांनी कमी करण्याचे बंधन घातले. ही मुदत पुढे लांबली, पण संशोधनाला तिने पळायला लावले. सर्वांत सरळ उपाय कागदावर फार सोपा होता. नायट्रिक ऑक्साइड मुळात अस्थिर आहे. त्याचे नायट्रोजन आणि ऑक्सिजन व्हावेत हीच निसर्गाची ओढ, आणि तसे होताना प्रत्येक मोलमागे सुमारे ९० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. मग तो आपण होऊन का तुटत नाही? १९२६ मध्ये ग्रीन आणि हिन्शेलवुड यांनी तापलेल्या प्लॅटिनमवर तो तोडून पाहिला, तेव्हा उत्तराचा धागा हाती आला होता. तुटल्यावर सुटा झालेला ऑक्सिजन पृष्ठभाग सोडत नाही. तो जागा अडवून बसतो आणि पुढच्या रेणूला वाव राहत नाही. ऑक्साइडांवरही तेच घडते. फोर्ड कंपनीच्या डिअरबॉर्न येथील प्रयोगशाळेत मॉर्डेकाय शेलेफ आणि क्लाउस ऑट्टो यांनी १९७० पासून लोह, क्रोमियम, तांबे, निकेल यांच्या ऑक्साइडांवर नायट्रिक ऑक्साइड किती आणि कोणत्या गतीने बसतो, याची शिस्तशीर मोजणी केली. मोटारीसाठी स्वस्त ऑक्साइड चालेल, या आशेला या मोजण्यांनी फारसा आधार दिला नाही. पण अधिशोषणाचे शास्त्र पक्के झाले ते अशाच कामातून.

मोटारीत जिंकला तो वेगळा मार्ग. नायट्रिक ऑक्साइड ऱ्होडियमवर तुटतो, आणि उरलेला ऑक्सिजन धुरातलाच कार्बन मोनॉक्साइड उचलून नेतो. पण त्यासाठी हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण अगदी काटेकोर राखावे लागते. हे प्रमाण मोजणारा झिर्कोनियाचा संवेदक बॉश कंपनीने बनवला आणि १९७६ पासून तो व्होल्वोच्या अमेरिकेतल्या गाड्यांत बसला. प्रमाण क्षणाक्षणाला थोडे डळमळतेच. ते सावरण्याचे काम सिरियमच्या ऑक्साइडाकडे आले. ऑक्सिजन जास्त झाला की ते साठवते, कमी पडला की देते, आणि ऑक्सिजन दिल्यामुळे पडलेल्या रिकाम्या जागेत नायट्रिक ऑक्साइड आपला ऑक्सिजन अडकवतो. फोर्डमध्ये या क्षेत्रात आयुष्य वेचणाऱ्यांत हरेन गांधी हे नाव ठळक आहे. त्यांनी रसायन अभियांत्रिकीची पदवी मुंबई विद्यापीठातून घेतली होती, आणि पुढे या कामासाठी त्यांना अमेरिकेचे २००२ सालचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. या उत्प्रेरकांसाठी पेट्रोलमधून शिसे हद्दपार करावे लागले, कारण शिसे पृष्ठभाग लिंपून टाकते. इंधनातली अशुद्धी पृष्ठभागाचे भवितव्य ठरवते, हा धडा पुढे गंधकाने पुन्हा शिकवला.

कारखान्यांचा आणि वीज केंद्रांचा प्रश्न निराळा होता. त्यांच्या धुरात भरपूर ऑक्सिजन असतो, आणि त्यात घातलेले कोणतेही इंधन नॉक्सकडे न जाता त्या ऑक्सिजनशीच जळून जाते. अमोनिया मात्र याला अपवाद. योग्य पृष्ठभाग मिळाला तर तो ऑक्सिजनला बाजूला ठेवून नायट्रिक ऑक्साइडच निवडतो, म्हणून या क्रियेला निवडक उत्प्रेरकी क्षपण म्हणतात. एंगेलहार्ड कंपनीने १९५७ मध्ये प्लॅटिनम गटातल्या धातूंवर हे करण्याचे पेटंट घेतले, ते नायट्रिक अम्लाच्या कारखान्यांच्या धुरांड्यांसमोर ठेवून. तुर्भे आणि तळोजा येथे आज ज्या प्रकारचे नायट्रिक अम्लाचे कारखाने आहेत, तशा कारखान्यांच्या धुरांड्यांवर एके काळी तांबूस शेपटी दिसणे नेहमीचे होते.

या विद्येचे खरे घर बनला जपान. १८ जुलै १९७० रोजी तोक्योच्या सुगिनामी भागात शाळेच्या मैदानावर खेळणाऱ्या मुली एकाएकी खोकू लागल्या आणि कोसळल्या. प्रकाशरासायनिक धुक्याने जपानी जनमानसात भीती बसवली ती या दिवसापासून. १९७३ मध्ये सरकारने नायट्रोजन डायऑक्साइडची दिवसाची सरासरी मर्यादा दशलक्ष भागांत ०.०२ भाग इतकी कडक ठरवली. १९७८ मध्ये ती ०.०४ ते ०.०६ अशी सैल झाली, पण दरम्यानच्या पाच वर्षांत जपानी कंपन्यांनी जगाला एक उत्प्रेरक दिला. टिटॅनियमच्या ऑक्साइडावर पसरलेले थोडेसे व्हॅनेडियमचे ऑक्साइड, सोबत टंगस्टन किंवा मॉलिब्डेनमचे ऑक्साइड. मधाच्या पोळ्यासारख्या भोकांच्या ठोकळ्यांत तो भरला जातो आणि ३०० ते ४०० अंश सेल्सियसला उत्तम चालतो.

टिटॅनियमची निवड हा या इतिहासातला फार मोलाचा निर्णय आहे. त्याआधी आधार म्हणून ॲल्युमिना वापरायची रीत होती. कोळशाच्या आणि तेलाच्या धुरातले गंधकाचे ऑक्साइड ॲल्युमिनाला धरतात, तिचे सल्फेट करतात आणि तिची छिद्रे बुजवतात. टिटॅनियमच्या ऑक्साइडावर सल्फेट टिकत नाही. जे थोडे बसते ते पृष्ठभागाची अम्लता वाढवते, म्हणजे अमोनियाला बसायला उलट मदतच करते. व्हॅनेडियमचे मात्र दुसरे एक अंग होते. शिशाच्या कोठ्यांची पद्धत विसाव्या शतकात मागे पडली ती संपर्क पद्धतीमुळे, आणि त्या पद्धतीत सल्फर डायऑक्साइडचे ट्रायऑक्साइड करणारा उत्प्रेरक व्हॅनेडियम पेंटॉक्साइडच आहे. वीज केंद्राच्या धुरातही ते आपला हा जुना व्यवसाय विसरत नाही. ट्रायऑक्साइड तयार झाला की अमोनियाशी मिळून त्याचे चिकट अमोनियम बायसल्फेट बनते आणि पुढच्या नळ्या तुंबतात. म्हणून गंधकी कोळशासाठी व्हॅनेडियमचे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी ठेवतात आणि उणीव टंगस्टनने भरून काढतात.

या पृष्ठभागावर नेमके कोण बसते, याचे उत्तर अनपेक्षित निघाले. नॉक्स घालवणारा उत्प्रेरक म्हणजे नॉक्सला घट्ट धरणारा, असे कोणीही म्हणेल. पण ऑक्सिजनने भरलेल्या व्हॅनेडियमच्या पृष्ठभागावर नायट्रिक ऑक्साइड जवळजवळ बसतच नाही. बसतो तो अमोनिया. इनोमाता, मियामोतो आणि मुराकामी यांनी १९८० मध्ये मांडले की, अमोनिया अम्लधर्मी जागेवर अमोनियम आयन होऊन बसतो, शेजारचा व्हॅनेडियमला दुहेरी बंधाने जोडलेला ऑक्सिजन त्याला चेतवतो आणि नायट्रिक ऑक्साइड हवेतून येऊन थेट त्याच्यावर आदळतो. इटलीत बुस्का आणि रामिस यांच्या गटाने अमोनिया धातूच्या आयनालाच धरतो, असा वेगळा मार्ग सुचवला. हा वाद चांगला रंगला. १९९४ मध्ये डेन्मार्कच्या नान-यू टॉप्सो यांनी क्रिया चालू असतानाच अवरक्त वर्णपट घेतले आणि बाहेर पडणारा वायूही सोबत मोजला. अम्लधर्मी हायड्रॉक्सिल गटांवरचा अमोनिया आणि त्याला लागून असलेला व्हॅनेडियमचा ऑक्सिजन ही जोडी कशी एकेका फेरीत झिजते आणि भरून येते, हे त्यातून दिसले. काम न थांबवता पाहणे, ही त्या प्रयोगाची खरी देणगी. पृष्ठभाग थंड करून, वायू काढून घेऊन मग पाहिला, तर फक्त मागे राहिलेले रेणू दिसतात. काम करणारे तेव्हा निघून गेलेले असतात.

जपानमागोमाग जर्मनी आला. आम्ल पावसाने जंगले मरत असल्याच्या भीतीतून १९८३ मध्ये तिथे मोठ्या भट्ट्यांसाठी नियम झाले, आणि लवकरच नॉक्ससाठी घनमीटरमागे २०० मिलिग्रॅमची मर्यादा आली. जर्मन भट्ट्यांनी उत्प्रेरकाला नवा शत्रू दाखवला, तो कोळशातला आर्सेनिक. व्हॅनेडियमच्या जागांवर तो पक्का बसतो, आणि पुढे मॉलिब्डेनम घालून ही विषबाधा कमी करण्यात यश आले.

१९९० च्या दशकात मोटारींचा प्रश्न नव्या रूपात परतला. इंधन वाचवायचे तर जास्त हवेत कमी पेट्रोल जाळावे लागते, आणि डिझेल इंजिन तर नेहमीच असे चालते. अशा धुरात ऱ्होडियमची मात्रा चालत नाही. टोयोटाच्या संशोधकांनी उत्तर शोधले ते अधिशोषण सरळ साठवणीसाठी वापरून. प्लॅटिनम, ॲल्युमिना आणि बेरियम यांचा उत्प्रेरक १९९४ मध्ये जपानमधल्या गाड्यांत आला. प्लॅटिनमवर नायट्रिक ऑक्साइडचा डायऑक्साइड होतो. तो शेजारच्या बेरियमवर जाऊन नायट्रेट बनून बसतो. दर तीन डायऑक्साइड रेणूंमागे दोन अडकतात आणि एक नायट्रिक ऑक्साइड म्हणून परत सुटतो. मिनिटभर असे साठवून झाले की इंजिन काही क्षण मुद्दाम जास्त इंधन सोडते. ऑक्सिजन संपतो, नायट्रेट मोडते, आणि सुटलेले नॉक्स प्लॅटिनम-ऱ्होडियमवर क्षपण पावून नायट्रोजन होते. गे-ल्युसॅक आणि ग्लोव्हर यांनी दोन मनोऱ्यांत वाटलेले काम इथे एकाच ठोकळ्यात, मिनिटामिनिटाला आळीपाळीने होते.

हा उत्प्रेरक पुढची पंधरा वर्षे प्रयोगशाळांना पुरला. बेरियम प्रत्यक्षात ऑक्साइड म्हणून क्वचितच असते. धुरातला कार्बन डायऑक्साइड त्याचे कार्बोनेट करतो, आणि नॉक्सला त्याला हुसकून जागा मिळवावी लागते. मिलानच्या गटाने दाखवले की, प्लॅटिनमजवळच्या बेरियमवर नायट्रिक ऑक्साइड आधी नायट्राइट होऊन बसतो आणि मग त्याचे नायट्रेट होते, म्हणजे डायऑक्साइडची वाट ही एकमेव वाट नाही. अमेरिकेच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट प्रयोगशाळेत दोन प्रकारचे नायट्रेट वेगळे ओळखले गेले. एक ॲल्युमिनावर एका थरात पसरलेल्या बेरियमवरचे, दुसरे बेरियमच्या जाड कणांच्या आतले. दोघे वेगवेगळ्या तापमानाला मोडतात. तापमानाची चौकट मात्र सगळ्यांनाच बांधून ठेवते. सुमारे २५० अंशांखाली प्लॅटिनम सुस्त, तर ४५० च्या वर नायट्रेट आपोआप सुटू लागते.

खरा घाव घातला गंधकाने. नायट्रेटला धरणारी जागा सल्फेटला अधिक आवडीने धरते, आणि बेरियम सल्फेट मोडायला साठवणीच्या तापमानापेक्षा कितीतरी जास्त, सहाशे अंशांच्या वरचा ताप द्यावा लागतो. तेवढ्या तापाने प्लॅटिनमचे बारीक कण एकत्र येऊन जाड होतात. म्हणून या उत्प्रेरकाचे भवितव्य शेवटी तेलशुद्धीकरण कारखान्यांत ठरले. युरोपने डिझेलमधला गंधक २००५ पासून दशलक्ष भागांत ५० आणि २००९ पासून १० वर आणला.

साठवणीची किंमत इंधनात मोजावी लागते, कारण प्रत्येक सोडवणुकीला जादा डिझेल खर्च होते. सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झालेले फोक्सवॅगन प्रकरण या व्यवहाराशी जोडलेले होते. त्या कंपनीच्या अमेरिकेतल्या सुरुवातीच्या दोन लिटर डिझेल गाड्यांमध्ये हाच साठवणारा उत्प्रेरक होता, आणि चाचणी ओळखून नंतर धूरशुद्धी ढिली करणारी आज्ञावली त्यांत बसवलेली होती. रस्त्यावर नॉक्स मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत जात असल्याचे अमेरिकी पर्यावरण यंत्रणेने जाहीर केले. भारतातली तपासणी पुण्याच्या कोथरूडमधील टेकडीवर १९६६ पासून उभ्या असलेल्या ‘एआरएआय’ या संस्थेकडे आली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने देशातल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या.

भारताने वाहनांच्या धुराच्या मानकांतली पाचवी पायरी वगळून १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू केले. डिझेल मोटारींसाठी नॉक्सची मर्यादा किलोमीटरला २५० वरून ८० मिलिग्रॅमवर आली, आणि इंधनातला गंधक ५० वरून १० वर. लहान गाड्यांत काही ठिकाणी साठवणारा उत्प्रेरक आला. ट्रक आणि बसांत अमोनियाची पद्धत रूढ झाली. अमोनियाची टाकी गाडीवर बाळगणे धोक्याचे, म्हणून ३२.५ टक्के युरियाचे द्रावण गरम धुरात फवारतात आणि तिथेच त्याचा अमोनिया होतो. महामार्गावरच्या चालकांच्या बोलण्यात या द्रवाचे नाव नुसते ‘युरिया’ असेच आहे. ट्रक-बसांतल्या अनेक उत्प्रेरकांत आता व्हॅनेडियमऐवजी झिओलाइट या सच्छिद्र पदार्थातले तांबे असते. त्याचे मूळ जपानमध्ये आहे. मासाकाझु इवामोतो याने १९८६ मध्ये तांबेयुक्त झिओलाइटवर नायट्रिक ऑक्साइड थेट तुटताना दाखवला होता. तो झिओलाइट धुरातल्या गरम वाफेत टिकला नाही, पण बारीक छिद्रांचे त्याचे भाऊबंद टिकले.

उरला आहे तो गाडी सुरू झाल्यानंतरचा पहिला थंड काळ. त्या वेळी ना अमोनियाचा उत्प्रेरक जागा झालेला असतो, ना युरिया फवारण्याइतका धूर तापलेला असतो. त्यासाठी २०१० नंतर सिरियमचे ऑक्साइड आणि पॅलेडियमयुक्त झिओलाइट यांवर बरेच काम सुरू झाले. जादा इंधनाची मदत न घेता थंडीत नायट्रिक ऑक्साइड धरून ठेवायचा आणि पुढचा उत्प्रेरक सुमारे दोनशे अंशांना जागा झाला की सोडून द्यायचा, एवढे त्यांचे काम. पॅलेडियमच्या एकट्या आयनांवर नायट्रिक ऑक्साइड बसतो, हे अवरक्त वर्णपटांत दिसले आहे. फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या की हे आयन धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडमुळे आपली जागा सोडतात आणि एकत्र येऊन कण बनतात. पकड तेव्हा ढिली पडते, आणि सध्याचे बरेचसे संशोधन हे आयन जागच्या जागी कसे रोखायचे, या एका प्रश्नावर चालू आहे.